नेपल्समध्ये हात कुठे ठेवावेत

प्रिय साबातो, आणि पोटासाठी उत्तरेच्या थंडीत जाऊन राहिलेल्या माझ्या तमाम नेपल्सकर बंधूंनो! (बंधू तू एकटाच आहेस, पण सवय जात नाही.) आपलं शहर आपल्यालाच परक्यांनी समजावून सांगावं, हे आपण कुठवर सोसायचं? तुम्ही इकडे यायला निघालात, तर तुझ्या सासूबाईंनी म्हणे लेकीला बजावलंय की तिथे घड्याळ काढून ठेव, पर्स पोटाशी धर. त्यांना माझा नमस्कार सांग, गुडघा कसा आहे तेही विचार. पण एकदाही न पाहिलेल्या शहराबद्दल इतक्या ठामपणे बोलणं मलासुद्धा जमत नाही, आणि मी तर वक्ता आहे.

तेव्हा खऱ्या सूचना ऐक. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही. गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत एका चालीने चालत राहायचं, तो वळसा घालून जातो. थांबलास की तो गोंधळतो आणि तुझ्या आजोबांपर्यंतच्या पिढ्यांचा उद्धार करतो. कॉफी उभ्याने प्यायची, पाणी आधी. आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अजूनही नाणं टाकावं लागतं, म्हणून सुट्टे ठेव. नाहीतर बायको सगळे मजले चढेल आणि दारातच परतीच्या गाडीची चौकशी करेल. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाल तेव्हा... पण गच्चीचंच तर रामायण आहे.

आपल्या इमारतीचे कारभारी लिबोरियोकाका गच्ची एका हॉटेलवाल्याला विकायला निघालेत. जिथे सगळी इमारत कपडे वाळवते, उन्हाळ्यात टोमॅटो शिजवून बाटल्या भरते, तिथे पाहुणे छत्रीखाली बसून व्हेसुव्हियस बघणार! गेल्या रविवारी अंगणात सभा झाली. मी उठलो. सुरुवात प्राचीन रोमपासून केली (नुन्झिया आत्याच्या मते तिथेच चुकलं), आणि ‘आज गच्ची विकणारे उद्या आकाशही विकतील!’ असं गरजत उजवा हात वर नेला. नेमकं तेव्हाच काकांनी विचारलं होतं, विकायच्या बाजूने कोण? माझ्या आवाजात मला ते ऐकूच आलं नाही. काकांनी माझाही हात मोजला, आणि एका मताने गच्ची गेली.

“अहो, तो विरोधात बोलतोय!” आत्या किंचाळली.

“तोंड विरोधात असेल, नुन्झियाबाई,” काका म्हणाले. “हात आमच्या बाजूने आहे. इथे हात मोजतात.”

“मेल्या, एवढी पुस्तकं वाचलीस,” आत्या माझ्याकडे वळली, “हात खाली ठेवायचं एकातही नव्हतं?”

मग ती गच्चीची किल्ली पोलक्यात घालून जिन्यातच बसली. फेरमतदान कबूल होईपर्यंत हलली नाही. ते येत्या रविवारी आहे.

बाकी क्षेम. मुलांना पापे.

तुझाच,
अनिएल्लो

ता. क. हात खिशात घालून बोलायचा सराव केला. एक वाक्य धड निघालं नाही, खिसा मात्र फाटला. (गप्प बसायचा उपाय आत्याने सुचवला होता. तो मी विचारात घेतलेला नाही.)

ता. क. दोन. समुद्र, किल्ले नंतर बघा. तुझं इथे मत नाही हे मला ठाऊक आहे, मला मत नकोच आहे. आत्याला सांगितलं असतं, पण तिलाही बोलायला स्वतःचे हात लागतात. म्हणून बंधो, रविवारी सकाळी स्टेशनवरून थेट अंगणात ये, माझ्या शेजारी बस, आणि काकांनी ‘विकायच्या बाजूने कोण?’ असं विचारलं रे विचारलं, की माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेव!