आईनं लपवलेला लाल डोळा

देवळी, मंगळवार, फेब्रुवारी १९५८

काल शाळेतून घरी आले, तर आई डोळ्यावर पदर धरून बसलेली. पदर बाजूला केला. डोळा लालभडक!

महिन्यापूर्वी नागपूरला त्याच डोळ्याचं पांढरं पडलेलं बुबुळ काढून तिथं एका मेलेल्या माणसाचं स्वच्छ बुबुळ शिवलं होतं. लाली आली, दुखलं, अंधुक झालं, तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिला तो कागद दोनदा वाचून दाखवला होता.

"कवापासून?"

"परवापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

पुन्हा पदर डोळ्यावर.

आज पहिल्या मोटारीनं नागपूर गाठलं. एक टाका सैल होऊन टोचत होता. डॉक्टरांनी तो काढला, थेंब दिले. म्हणाले, "डोळा वाचला. पण आणखी थांबला असतात तर गेला असता. लपवलंत का, आजी?"

आई हळूच म्हणाली, "दुसऱ्याचा डोळा हाये. मले सांभाळता आला नाई म्हनून तुमी परत काढून घ्यान, असं वाटलं."

"आता तो तुमचाच आहे, आजी. कोणी मागणार नाही."

मी मास्तरीण! कागद वाचला, पण तिला भीती कशाची वाटते, हे एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं?

येताना मोटारीत रागवणार होते. तर आई माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुह्या केसात पांढरे दिसून राह्यले व माय. कवापासून?"

म्हटलं, "कालपासून."