धाकटीचे निरोप

२ जून
प्रयोगशाळेत रुजू झाले. खोली स्वच्छ, खिडकी मोठी, खुर्ची चक्क न डगमगणारी. इथे माणसाची त्वचा काचेच्या बश्यांत जिवंत ठेवतात. इथले जुने मदतनीस, सगळ्यांचे काका, तिचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप करतात. कुठली पेशी कुणाला काय निरोप धाडते, याचा नकाशा मी काढायचा. नव्या माणसाने आपल्या हाताची मसुरीएवढी त्वचा द्यायची, अशी रीत आहे. प्रमुख बाईंनी स्वतः पट्टी बांधली, वर फुंकर घातली. माझ्या आईने कधी घातल्याचं आठवत नाही.

८ जून
पहिला नकाशा झाला. माझा तुकडा एका जुन्या नमुन्याशेजारी ठेवला होता. त्याला सगळे ‘धाकटी’ म्हणतात. माझ्या पेशी ‘जखम झाली, भरून काढा’ असा निरोप सोडतात आणि तो धाकटी उचलते. ती वाढली, माझा तुकडा वाळला. चूक माझीच असणार म्हणून पुन्हा केलं. तेच आलं. बाई म्हणाल्या, इतकं चोख काम आजवर कुणी केलं नव्हतं. दिवसभर हवेत होते.

१५ जून
हातावरची जखम भरत नाही. धाकटी कुणाची, असं काकांना विचारलं. त्यांनी आधी नळ बंद केला, मग सांगितलं की बाईंची धाकटी मुलगी भाजून गेली. तिची त्वचा तेवढी गेली नाही.
बाई म्हणतात, तिचाच तुकडा जखमेवर लावू. दादाला फोन केला. तो म्हणाला, इतक्या खटपटीने नोकरी लागलीय, नसते फाटे फोडू नकोस. काळजी वाटली त्याला, नोकरीची.
लावून घेतला.

२१ जून
छान धरला. वणसुद्धा नाही. कडेचा काप घेऊन नकाशा काढला: सगळे बाण एकाच दिशेने. ती सांगते, माझ्या पेशी ऐकतात. माझ्याकडून एकही निरोप जात नाही.
बाईंनी विचारलं, हे कुठे थांबेल? मी हिशेब करून सांगितलं, कुठेच नाही. त्यांनी माझ्या हाताचा मुका घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणजे वाट मीच आखून दिली. तीही चोख.

२६ जून
खांद्यापर्यंत. चिमटा काढला तर कळत नाही. काकांना दाखवलं. ते म्हणाले, बाईंना इतकं हसताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि काप करायला गेले.
आईला फोन केला. ती म्हणाली, आवाज किती गोड झालाय तुझा.

२९ जून
मान. गाल. राजीनामा दिला. बाईंनी वाचलाही नाही — माझ्या कोपराला म्हणाल्या, ठके, जेवलीस का?
हातावर काटा आला. भीतीचा नव्हे. लाडाने येतो तसला. माझा नव्हता तो —

३० जून
कडी लावून बसलेय. बाई बाहेर आहेत. दार ठोठावत नाहीत, नुसतं ‘ठके, ये’ म्हणतात —
डावा हात कडीवर गेलाय. मी नेला नाही. उजव्याने लिहितेय, उजवा अजून माझा —
बोटांवर काटा —
आई गं, आले मी, आ