फ्रँक सरदारणीचं मामेकुळ

सर,

इतिहास विभागात तुमचा रंगवलेला फोटो लावला आहे आणि त्याला माझा लेखी निषेध आहे. रंगवणाऱ्यानं तुमच्या चष्म्याला सोनेरी काड्या दिल्या आहेत. तुमची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असायची. मेलेल्या माणसाला पुराव्याशिवाय श्रीमंत करणं तुमच्या लेखी अक्षम्य, पण तक्रार केली तर शिपाई म्हणतो, "राहू द्या ना गुरुजी, चांगले दिसून राहिले सर."

मला तुमचा तो वर्ग दिसतो. सीताबर्डीच्या उन्हातून सायकल हाणत आलेलो मी, संस्कृतचा विद्यार्थी, हौसेनं युरोपचा इतिहास ऐकायला बसलेलो. जुन्या फ्रान्सातल्या फ्रँक लोकांच्या एका सरदारणीची आई कोण, हा प्रश्न. तिच्या मुलींची नावं राजघराण्यात चालणारी, म्हणून मी तिला थेट राजाची नात करून टाकलं. तुम्ही माझी वही डोळ्यांशी धरता. "काहून गा, तू तिच्या बारशाले गेला होता का?" वर्ग हसतो. मग सांगता, की पुढे मठातल्या साधूंनीही हेच केलं, बाईला राजवंशात नेऊन बसवलं. "माहीत नाही, असं लिहायले लाज काहून वाटते तुले? आईबाप ठाऊक नाहीत म्हणून बाई लहान होत नाही." ते वाक्य मी श्रुतिवचनासारखं धरून ठेवलं. चूक तिथेच झाली.

कारण पुढे तुमची पुतणी आणि मी लग्न ठरवून तुमच्या रामदासपेठेतल्या घरी येऊन उभे राहिलो. काकूंनी पोहे आणले. तुम्ही विचारलंत, "मामेकुळ कोणतं गा तुझं?" माझी आई अनाथाश्रमात वाढलेली, तिच्या माहेरचा पत्ता तिलाही नाही. मी अभिमानानं म्हणालो, "माहीत नाही, सर." मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "तसं नाही चालत गा. तो इतिहास होता. हे घरचं लग्न होय."

शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या बाईला दिलेली सूट तुम्ही माझ्या जिवंत आईला नाकारलीत! त्या साधूंवर एवढं तोंडसुख घेतलंत. ते निदान खोटं बोलून बाईला घरात घेत होते. घरी परतलो तेव्हा आई दारातच वाट बघत होती. "काय म्हणाले सर?" "पोहे चांगले होते," मी म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझं लग्न झालं, दुसरीकडे, सुखाचं. तरी तुमच्यावरचा राग मी जपून वापरला. खरं सांगायचं तर तो मला आवडायचा. त्यात मी नेहमी बरोबर असायचो.

काल माझ्या मुलानं सांगितलं, सदर भागातल्या दवाखान्यातली एक नर्स त्यानं पसंत केली आहे. आश्रमात वाढलेली मुलगी. मी आनंदानं तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "पण मामेकुळ?" आई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घरातच राहील. आईनं ऐकलं का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही, सर. आज सकाळी ती माझ्याशी अगदी नेहमीसारखी बोलली, आणि मला त्याचीच भीती वाटते आहे.