वाणातल्या एकवीस नख्या

१२ डिसेंबर १९६६, धाड

बुलढाण्याहून हिंमतराव वकिलांचं पत्र आलं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. माझ्या नखीच्या पेटंटला नागपूरच्या कुणा कारखानदारानं हरकत घेतली आहे. म्हणतो, मिरचीचे देठ खुडायची ही पत्र्याची नखी अर्जाच्या आधीपासूनच बायका वापरत होत्या, मग ती नवी कशी? त्याचा माणूस मागच्या हिवाळ्यात आपल्या बाजारात आला होता. ढिगापाशी बसलेल्या एका बाईच्या बोटात त्यानं पाहिली — जुनी, झिजलेली.

आता ९ जानेवारीला मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं, की चौसष्ट सालच्या अर्जाआधी ही नखी माझ्या घराबाहेर गेली नव्हती. मग कागद कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत जाणार.

नव्हती गेली? एकवीस गेल्या होत्या!

१३ डिसेंबर

सहदेवला पत्र दाखवलं. त्यानं वाचून घडी घातली. "सही करून टाका न बाबा. काय मोठं त्यात?"

दसऱ्याला पोरानं एस.टी.तली कंडक्टरची नोकरी सोडली, ती या नखीच्या भरवशावर. पडवीत पत्रा दाबायचं यंत्र आणून ठेवलं आहे, पोतं पांघरून. पेटंटचा नंबर आला की जालन्याचा व्यापारी माल उचलणार. नंबर नाही तर व्यापारी नाही. मग पोरगं ना गाडीत ना घरात.

१६ डिसेंबर

पत्र्याच्या डब्यांचे सांधे डागायला बसलो, हात चालेना. आठवत राहिलो.

एकसष्ट सालचा हिवाळा. सहदेवची आई सत्यभामा मिरचीचे देठ खुडून यायची आणि बोटं ताकात बुडवून बसायची. नखाखाली तिखट गेलं की भाकर थापता येत नसे. एक दिवस बोट पुढं करून म्हणाली, "इथं नखावानी पत्रा वाकवून द्या न. मधात खाच ठेवा, देठ अडकला पाह्यजे." मी दिला. चौथी शिकलेला पत्रेवाला, पण डोकं चाललं म्हणायचं. "खाच जराशीक तिरपी असती तं?" असं ती विचारत होती तोवर मी तिरपी घेतलीही होती. देठ तटकन तुटू लागला. किती दिवस त्याच ऐटीत फिरलो.

बासष्टच्या संक्रांतीला हट्ट धरून बसली, वाण लुटीन तर नख्याच. आठ दिवस खपून एकवीस केल्या. बाकीच्या बायका कंगवे न् करंडे लुटत होत्या, हिनं पत्रा लुटला. हसले सगळे. मिरची सुरू झाल्यावर कुणी हसलं नाही.

तिला मी कधी फारसा बोललो नाही. त्या हिवाळ्यात मात्र बोललो, कुंकवाच्या डबीचं झाकण हरवलं म्हणून. लग्नात मी स्वतः पितळेवर कमळ ठोकून दिलं होतं. कुठं ठेवलं म्हणून चार दिवस पिच्छा पुरवला. नुसती हसायची. त्रेसष्टात तीच गेली. अर्ज केला तेव्हा वाणाचं कुणाला सांगावं असं मनातही आलं नाही. वाण का जगाला सांगायची गोष्ट असते?

२० डिसेंबर

बुलढाण्याला जाऊन आलो. वकिलांना वाणाचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोतीराम, हे तू सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. पण त्या बायकांना कुणी विचारलं तर काय सांगतील, तेवढं बघ."

येताना गाडीत जागा होती तरी उभाच राहिलो.

२४ डिसेंबर

सून रुख्मिणी लेकीहून माया करते, पण तिच्या पोटात काही राहत नाही. गल्लीभर झालं. मी खाली मान घालून चाललो होतो तर जनकाबाईनं मिरचीच्या ढिगापाशी थांबवलं. सत्यभामाची ही जुनी सोबतीण.

"भाऊ, आम्ही नखी पाह्यलीच नाही म्हणू."

"शपथेवर खोटं बोलता काय?"

देठ खुडता खुडता झुंबरबाई मागून म्हणाली, "नवऱ्याशी रोज बोलतो, मॅजिस्ट्रेटशी एक दिवस बोलू."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. मग निघालो.

३० डिसेंबर

नागपूरचा माणूस पुन्हा येईल म्हणून बायकांनी नख्या लपवल्या आहेत. उघड्या बोटांनी देठ खुडतात. रुख्मिणीची बोटं सुजली. आज भाकरी सहदेवनं थापल्या. वाकड्या झाल्या. तशाच खाल्ल्या.

२ जानेवारी १९६७

सही केली तर खोटा. नाही केली तर पोराच्या पोटावर पाय.

५ जानेवारी

जनकाबाई फडक्यात बांधून सगळ्या नख्या घेऊन आली. "घरात राह्यल्या तं कोणाच्या तरी नजरेले पडतीन. इहिरीत टाकून द्या."

वाण कुणी परत करत नाही. त्यातून गेलेल्या सवाशिणीच्या हातचं. बाई दारातूनच वळली, पदर तोंडाला लावून.

मोजल्या. एकवीस दिल्या होत्या, बावीस आल्या. जास्तीची लहान आहे, काळवंडलेली, कापही माझा नाही — कातरी दहादा अडखळलेली. कुणीतरी नक्कल केली असावी. विहिरीपर्यंत गेलो. टाकवेना.

७ जानेवारी

ती बाविसावी चिंचेनं घासली. पितळ निघालं. उलटी केली तर आतून कमळाच्या तीन पाकळ्या. माझ्याच हातच्या. खाच तिरपी.

तसाच जनकाबाईकडे गेलो.

"ते पह्यली नखी आहे भाऊ. सत्यभामानं दिवाळीच्या आधी कापली. कधी मोडली तं म्हणून दुसरी करून घेतली तुमच्याकून. हे मले दिली."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"झाकण कापलं म्हणून तुम्ही बोलले असते. आन् मंग म्हणे, त्यायले वाटू दे त्यायनंच काढली. लय खुश आहेत."

घरी येऊन सहदेवच्या हातात ठेवली. बराच वेळ अंगठ्यानं पाकळ्या चाचपत बसला. मग पडवीत यंत्रापाशी गेला.

९ जानेवारी

मॅजिस्ट्रेटकडे जाण्याआधी वकिलांच्या टेबलावर कागद. वरच पहिली ओळ — मीच या साधनाचा खरा आणि पहिला शोधक आहे. सहदेव शेजारी उभा. मी खिशातली नखी काढून करंगळीत घालून पाहिली. पहिल्या पेरापाशीच अडली. सहदेवनं कागद तसाच, सहीविना वकिलांकडे सरकवला. म्हणाला, "चला बाबा, आपली दोनची गाडी आहे."