कोपराखालचं तिसरं अस्तर

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुम्हाला पत्र सांगते आहे. सांगतेच आहे, कारण लिहायला मी काही शिकले नाही. तुम्ही पाटी आणून दिलीत, तेव्हा तुमच्याच खडूने मी तिच्यावर कोटाची बाही आखली होती. लिहून घेते आहे ती माझी नात. चार महिने तोंड एवढंसं करून बसली आहे. येत्या रविवारी रायफल नेमबाजीच्या संघाची निवड आहे आणि ही म्हणते, मी जाणार नाही. म्हटलं, बसलीच आहेस तर माझ्या बापाला चार ओळी लिही.

शिवाजीनगरचं आपलं दुकान डोळ्यांसमोर येतं. कँटोन्मेंटातले साहेब नेमबाजीचे कोट शिवायला तुमच्याकडे येतात. जाड कॅनव्हास, खांद्याला नि कोपराला चामडं. मी अकरा वर्षांची, खाली बसून काजं करते आहे. माप देता देता एका साहेबाने सांगितलेली गोष्ट तुम्ही इस्त्री फिरवता फिरवता मला सांगता. फार जुन्या काळी, समुद्रापलीकडे, दोन देशांचे संघ लांबून नेम धरायला पालथे पडले. एका गड्याची गोळी काळ्या ठिपक्याच्या बरोबर मधे लागली, पण शेजारच्या फळीवर. त्याला शून्य मिळालं, आणि अख्खा संघ हरला. "गोळी एकट्याची असते ग, गुण सगळ्यांचे," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "मग घरी गेल्यावर त्याला जेवायला वाढलं का?" तुम्ही इतके हसलात की साहेबाच्या बाहीवर इस्त्रीचा डाग पडायचा राहिला.

त्याच आठवड्यात एका किडकिडीत साहेबाच्या खांद्याला बंदुकीचा दणका बसू नये म्हणून मी त्याच्या कोटात कापसाचा थर घातला. न विचारता. तुम्ही ओरडला नाहीत. समोर बसवून एकेक टाका उसवायला लावलात. "खांदा त्याचा, माप त्याचं. तुझी दया तुझ्यापाशी ठेव, कोटात घालू नकोस." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्हाला कळलंही नसेल, तेव्हा कामच एवढं होतं.

आता बायकांचाही संघ असतो, अण्णा, तिघींचा. तिघी पालथ्या पडून नेम धरतात आणि तिघींचे गुण एकत्र मोजतात. तुमच्या वेळी बाई रेंजवर दिसली असती तर पहिला साहेबच आडवा पडला असता. परदेशी कोट आपल्याला कुठून मिळणार, म्हणून हिचा कोट मी शिवला. कोपराला किती जाडी चालते त्याचा नियमाचा कागद हिने मला दोनदा वाचून दाखवला. मी "बरं, बरं" म्हटलं. मनात म्हटलं, कागदाला काय कळतं? पोरीच्या कोपराची सालटं निघाली होती, ताट पुढे ओढताना कळवळायची. म्हणून चामड्याखाली माझ्या जुन्या लुगड्याचं तिसरं अस्तर घातलं. टाके असे बारीक की तुम्हालाही सापडले नसते.

चार महिन्यांपूर्वी स्पर्धेत कोट तपासणाऱ्या माणसाला सापडलं. त्याने कोपर यंत्राच्या चिमट्यात धरलं आणि कोट बाजूला ठेवला. वेळ थोडाच होता. हिने दुसरीचा कोट मागून घातला, तो ढगळ, बंदुकीचा दंडावरचा पट्टा घसरत राहिला. तिघींची बेरीज पदकाला एका गुणाने कमी पडली. घरी येऊन म्हणाली, "आजी, कापड तपासून घेणं माझं काम होतं. माझ्यामुळे त्या दोघींचं गेलं." आणि मी काय केलं? कापडवाल्याकडे जाऊन त्याला झाडलं. "अक्का, तीस वर्षं हेच कॅनव्हास देतोय तुम्हाला," बिचारा म्हणाला. "मग तीस वर्षं फसवतोयस," मी म्हटलं. सगळं दुकान हसलं. हीही त्या दिवशी जरा हसली, म्हणून मी खोटं तसंच राहू दिलं.

इथे पेन थांबलं. "आजी, हे तू पणजोबांना सांगतेस की मला?"

"लिही," म्हटलं, "तेही लिही."

तिने तेही लिहिलं. मग उठली, ट्रंकेतून कोट काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि वर कात्री ठेवली. तुमच्यासारखीच, ओरडली नाही. मी उसवते आहे, अण्णा. डोळ्यांना टाके दिसत नाहीत, बोटांना ठाऊक आहे कुठे काय लपवलंय ते. तिसरं अस्तर निघालं, घामाने पिवळं पडलेलं. रविवारचं तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण मघाशी तिने कोपर पुढे केलं, माप घ्यायला. सोललेली कातडी भरून आली आहे.

हे पत्र मशीनच्या खणात राहील, बॉबिनांबरोबर. तुम्हाला पाठवायचं कुठे? आणि एक सांगते. मी बोलले तेच हिने लिहिलं का, की आजीला शिव्या घातल्या, हे मला कळायला मार्ग नाही. "वाचून दाखव" असं दोनदा ओठांवर आलं. धीर झाला नाही.