धर गं जरा

कल्याण, १० जानेवारी १८८९
नव्या घरात आले. सुईणीसाठी दवाखान्याने दिलेल्या दोनच खोल्या, पण चुलीचा धूर बाहेर जातो, म्हणजे मी राणीच! भिंतीवर सायबीण मरियेची तसबीर टांगली. माझा नवरा गॅब्रिएल रेल्वेच्या इंजिनात कोळसा घालतो. आठवड्यातले चार दिवस इगतपुरीकडे असतो. मला चौथा महिना. शेजारच्या हौसाबाई भाकऱ्या घेऊन आल्या. माझ्या आधीची सुईण आवडाबाई याच घरात वारली म्हणाल्या. तिची लेक शालू बाळंतपणात फाटली आणि रक्त जाऊन आईच्याच हातात गेली. त्यानंतर आवडाबाईने एकाही बाईला फाटू दिलं नाही म्हणे.

२ फेब्रुवारी
तीन दिवसांत चार बाळंतपणं. मुंबईच्या इस्पितळात शिकले तसंच करते. डोकं दिसू लागलं की खालच्या कातडीला गरम फडक्याचा शेक, तळव्याचा आधार, आणि बाईला सांगायचं, आता जोर करू नकोस, नुसती फुंकर घाल. डोकं सावकाश आलं की कातडी ताणते, सहसा फाटत नाही. फाटलीच तर कार्बोलिकने धुऊन रेशमाचे टाके.
आज गोदूबाईच्या वेळी माझं मनगट भरून आलं. मागे तिची जाऊ आहे असं समजून म्हटलं, "धर गं जरा." एका हाताने फडकं धरलं. टाका लागला नाही. मागाहून कळलं, जाऊ तेव्हा विहिरीवर होती. दमलेल्या माणसाला काय वाटेल ते वाटतं.

११ मार्च
पुन्हा. फडक्यावर माझ्या दोन हातांशेजारी तिसरा, सुरकुतलेला, तेलकट, ऊबदार. मनगटामागे कुणी नाही. खरं लिहिते, भीतीपेक्षा सुटकाच वाटली. पाठ इतकी दुखते की कुणीही मदतीला यावं. महिनाभर टाक्यांची सुई काढावी लागली नाही. डॉक्टरांनी शाबासकी दिली, ती मी निमूट घेतली.

२९ एप्रिल
जयाचं मूल गेलं. डोकं तासभर दिसत होतं. कळ आली की पुढे येई, मग मागे जाई. मी माझा आधार कधीच काढला होता. तो तिसरा हात हटेना. मी ओढला, बोटसुद्धा हललं नाही. मूल निळं आलं. कातडीला ओरखडा नाही.
जयाने विचारलं, तुमच्याबरोबरची बाई सोडत का नव्हती.

१४ मे
आज डोकं अडलं तेव्हा सुचलं, तो हात 'धर' या शब्दाने आला, तर शब्दानेच जाईल. म्हटलं, "सोड." सोडलं, एकदम. बाई मागपर्यंत फाटली. पण मूल रडलं. तासभर शिवत बसले. दोघं जगली.
मीच बोलावलं त्याला. मीच —

६ जून
खूप थकले. माझ्यासाठी मुंबईची सुईण पंधरा तारखेला येणार. हौसाबाईंना टाके घालता येत नाहीत.

९ जून, सकाळ
पाणी गेलं. गॅब्रिएल इगतपुरीला. हौसाबाई दवाखान्यात धावल्या. सुई उकळली, रेशीम ओवून ठेवलं. कोण शिवणार —

दुपार
डोकं हाताला लागतं. वर तो हात. ऊबदार. सायबिणी, किती बरं वाटतं —

येतं — मागे जातं —

हौसाबाई अजून नाहीत. सोड म्हटलं तर शालूसारखी —

बाळ हलत नाही — नाही, हललं. थोडंसं —

आवडाबाई, ऐक. फाटू दे मला. सो