टाक्यावरची ओळ

आबा, मी बी.ए. करते आहे. विषय इतिहास. तुम्ही असतात तर आधी मोठ्यानं हसला असतात आणि मग कपाळाला हात लावला असता. बारावीनंतर मी हाच विषय मागितला होता. तेव्हा देहूरोडच्या डेपोतून थकून आलेले तुम्ही, पायातले बूटही न काढता ओट्यावर टेकलात आणि म्हणालात, "त्या राजांची नावं पाठ करून कोन नोकरी देनार हाय तुला? कॉमर्स घे." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आई मधल्यामधे भाकरी थापत दोघांनाही शिव्या घालत होती. शेवटी गेले कॉमर्सला, एक वर्ष केलं, आणि लग्न झालं. आता एकोणपन्नास वर्षांची आहे, लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभी असते, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर तुमचं न ऐकता इतिहास घेतला आहे. रागावू नका. रागावलात तरी आता काय करणार म्हणा.

कॉलेजात जावं लागत नाही. लेकीनं फॉर्म भरून दिला, वर्ग मोबाइलवर भरतो. मॅडम त्यांच्या घरून शिकवतात, मी दुकानामागच्या खोलीत खोक्यांवर बसून ऐकते. वर्ग रविवारी सकाळी अकराला. लोणावळ्यात रविवारी अकरा वाजता काय असतं हे वेळापत्रक करणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. भुशी धरणाकडं निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत येते आणि प्रत्येक गाडीतून दोन माणसं उतरून चिक्की मागतात. एकदा मौर्यांचा राज्यकारभार चालू होता, मला पुढं हाक आली, आणि माझा माइक तसाच चालू राहिला. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं, "शेंगदाण्याची घ्या हो, ताजी आहे, दात तुटला तर मी आहे ना!" मॅडम म्हणाल्या, "माझ्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवा, पण आधी माइक बंद करा." असा आमचा वर्ग. वर्गात मी सगळ्यात मोठी, मॅडमपेक्षाही चार वर्षांनी. पहिल्या परीक्षेला बाकावरचा नंबर तीनदा वाचून मगच बसले. पण सुटले. दोन वर्षं सुटत आले.

हे सगळं सांगत बसले, कारण मुद्द्याला हात घालायचं धाडस होत नाही. आज मंगळवार, दुपार, गिऱ्हाईक नाही, दुकानाचे मालक जेवायला गेलेत. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

तिसऱ्या वर्षी जुन्या लिपीचा एक धडा आहे. मॅडमनी पडद्यावर अक्षरं दाखवली, दोन हजार वर्षांपूर्वीची. बेरजेचं चिन्ह असतं ना, तसा क. गोल आणि मधोमध एक टिंब, तो थ. उलट्या टी-सारखा न. बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती. मी मात्र मोबाइल हातात धरून बसले होते. तो गोल मी पाहिला होता, आबा. त्यातल्या टिंबात माझी करंगळी बसत होती. खोक्यावरून उठून मी तोंड धुवायला बाहेर गेले आणि नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले. पुढून कुणी तरी ओरडलं, "मावशी, पाणी चाललंय वाया!"

आपल्या डोंगरावरचं टाकं. मळवलीहून भाज्याची लेणी बघायला जाणाऱ्या माणसांना ते माहीतही नाही. त्याला फाटक नाही, पाटी नाही, कड्यात कोरलेला एक चौकोनी हौद आणि आतून झिरपणारं पाणी. दर वर्षी वैशाखी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आपली वस्ती ते उपसायची. पुरुष आत उतरून गाळ काढायचे, बायका घमेली वाहायच्या, आम्ही पोरं काठावरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासायचो. मग सगळे गप्प बसून पाणी चढायची वाट बघायचे आणि पहिला तांब्या तुम्ही प्यायचात. पण एरवी त्या टाक्याचा एक शिरस्ता होता. तो कुणी केला, कधी केला, कुणी सांगत नव्हतं. वरच्या आळीच्या बायका आधी भरणार, त्यांचे हंडे निघाले की मग आपल्या. उपसायचं आपण आणि थांबायचंही आपणच. आईला एकदा भर उन्हात तिथं चक्कर आली. तुम्ही तिला खाली घेऊन आलात, पाणी पाजलंत. पुढच्या पगाराच्या दिवशी देहूरोडच्या बाजारातून निळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि एक ब्रश घेऊन आलात. ब्रश माझ्या हातात दिलात. "तुजं अक्षर चांगलं हाय. ह्या रविवारी टाक्यावर लिवायचं."

मी चौथीत आहे. तुम्हाला सही येते, तेवढीच. बाकी काही वाचता येत नाही, म्हणून डेपोतला कागद असो की एसटीची पाटी, तुम्ही मला विचारता. टाक्याच्या तोंडावर डोक्याइतक्या उंचीला एक सपाट पट्टी आहे. बाकी सगळा कडा ओबडधोबड, तेवढीच एक जागा लिहिण्याजोगी, आणि नेमकं तिथंच काहीबाही कोरलेलं. तुम्ही छिन्नी-हातोडी घेऊन उभे आहात. माणसं खाली गाळ काढतायत. तुम्ही हात थांबवता आणि मला पुढं घेता. "बघ गं, ही अक्षरं हायेत का गुराख्यांनी खरडलंय?" मी टाचा उंचावून पट्टीवरून बोट फिरवते. गोलातल्या टिंबात करंगळी घालून बघते. आणि म्हणते, "न्हाईत आबा. नुसतं खरडलंय." तुम्ही मान डोलावता. मग छिन्नीचा आवाज, दगडाचा भुगा माझ्या केसांत, आणि तासाभरानं स्वच्छ पट्टी. तुम्ही मला खांद्यावर बसवता आणि मी निळ्या रंगात लिहिते, हे पाणी सर्वांसाठी आहे. "सर्वांसाठी"मधला रफार मी दोनदा गिरवला. रंगाचा एक ओघळ तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला.

दोन दिवस वरच्या आळीतून पाण्याला कुणीच आलं नाही. तुम्ही रजा टाकून टाक्यापाशी बसून राहिलात, मीही सुट्टीतला खेळ सोडून तुमच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी हंडा घेऊन चढून आली. धापा टाकत म्हणाली, "काय लिवलंस रं दगडावर?" तुम्ही मला पुढं केलंत. मी शाळेत कविता म्हणतात तशी वाचून दाखवली. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मंग ह्यात काय वंगाळ हाय?" हंडा भरला आणि गेली. त्या दिवसापासून आधी आणि नंतर संपलं. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "माज्या पोरीनं लिवलं." आयुष्यात तुमच्याकडून इतकं कौतुक मला परत कधी मिळालं नाही.

धडा झाला त्यानंतरच्या सुट्टीला मी डोंगर चढले. गुडघे कुरकुरतात आता. आपली ओळ जागेवर आहे, वस्तीतली पोरं दर वर्षी त्यावरून रंगाचा हात फिरवतात. पट्टीच्या उजव्या टोकाला, जिथं दगडाला भेग आहे, तिथं तुमची छिन्नी पोचली नव्हती. तिथं एक उलटा टी आणि त्याच्या शेजारी एक टिंब शिल्लक आहे. मी तिथंच खाली बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, तुमच्यासाठी नाही रडले, माझ्यासाठी रडले. फोटो मॅडमना पाठवला. त्यांनी फोनच केला. म्हणाल्या, "'नं' आहे हे. दान दिल्याचे लेख पुष्कळदा या अक्षरानं संपतात. पण एका अक्षरावरून मी काही सांगणार नाही. आधीचं काय होतं?" मी म्हटलं, "तासून टाकलं." "कुणी?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच करा. आणि लेख कसा गेला तेही लिहा. कुणी, का, सगळं. तोही इतिहासच आहे."

लिहा म्हणणं सोपं आहे. वस्तीतल्या बुद्धविहाराचं काम बघणारे काका, तुमचे जोडीदार, अजून आहेत. त्यांना जाऊन विचारलं, आठवतंय का. ते म्हणाले, "आटवतंय म्हंजे? गाळाचं घमेलं माज्या डोक्यावर हुतं. तुजा बाप तुला इचारल्याबिगर छिन्नी लावंना. म्हनला, माजी पोर वाचती, तिला इचारू दे." मग मी त्यांना सांगितलं की तिथं दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख होता. बराच वेळ ते ओसरीवर बसल्या जागी टाचेनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "पोरी, ह्ये तू कागदावर घातलंस, की उद्या कुनीबी म्हननार, ह्यांचीच लेनी, ह्यांचीच लिपी, आन् ह्यांनीच फोडली. आमच्या पोरींनी त्या वळीखाली उभं राहून पानी भरलंय. तुज्या बापाचं नाव हाय त्यात. ऱ्हाऊ दे." मला त्यांचा राग आला नाही. ते चुकीचं बोलत नव्हते. ज्यानं दोन हजार वर्षांपूर्वी ते टाकं खोदवलं आणि काही तरी लिहून ठेवलं, त्याचं म्हणणं आपण पुसलं, आणि ते पुसून जे लिहिलं त्यानं आईचं उन्हात ताटकळणं संपवलं. दोन्ही खरं आहे. मी महिनाभर दोन्हीच्या मधे लटकत होते. चिक्कीची वजनं चुकत होती, लेक विचारायची, "आई, डोकं कुठं आहे तुझं?"

शेवटी प्रकल्प लिहायला बसले. आधी लिहिलं, "स्थानिकांकडून लेखाची हानी झाली." स्थानिक! म्हणजे जणू तुम्ही कुणी रस्त्यावरचा माणूस. ते वाचून मला माझीच लाज वाटली. खोडलं. मग लिहिलं की माझ्या वडिलांनी तो लेख तासला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि का येत नव्हतं हेही लिहिलं. हात लावण्याआधी त्यांनी विचारलं होतं हे लिहिलं. आणि ज्या मुलीला विचारलं ती मी, हेही लिहिलं. म्हातारीचा हंडा लिहिला. आपली ओळ जशीच्या तशी उतरवली, नवा लेख म्हणून, अक्षरांच्या उंचीसकट. काकांना वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "बापाला चोर न्हाई केलंस, बास." शनिवारी प्रकल्प पाठवला. मॅडमनी अजून काही कळवलेलं नाही. नापास केलं तरी चालेल असं म्हणवत नाही, पास व्हायचंच आहे मला.

पण आबा, त्या प्रकल्पात एक वाक्य आहे: "त्या वयात मुलीला ही अक्षरे असल्याचे ओळखता आले नाही." मॅडमना ते पटेल, काकांना पटलं, लेकीनं तर ते वाचून मला जवळ घेतलं. हे पत्र त्यांच्यापैकी कुणाला दाखवणार नाही, मालक यायच्या आत फाडूनही टाकीन बहुतेक. पट्टीवरची ती चिन्हं सगळी एका उंचीची होती. एका सरळ ओळीत होती. दोन खुणांमधलं अंतर सारखं होतं, माझ्या वहीत असायचं तसं. गुराखी असं खरडत नाहीत, हे चौथीतल्या पोरीला कळतं. मला वाचता आली नाहीत, पण ती अक्षरं आहेत हे मला कळलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा ब्रश माझ्या हातात होता, आणि लिहिण्याजोगी तेवढी एकच जागा होती.